केळं आणि संत्रं एकत्र खाल्लं तर?

कुणीतरी म्हटलंय की केळ्यावर लिंबू किंवा संत्रं खाल्लं की पोटात विष तयार होतं, म्हणून लिहितोय, कारण असं वाचून लोक उगाच घाबरतात. विष वगैरे काही होत नाही हो. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 2 ते 2.5 असतो आणि आपल्या जठरातला, पोट रिकामं असताना, 1.5 ते 3.5, म्हणजे पोटात आधीच तेवढंच आंबट, कधीकधी त्याहून आंबट असतं, मग संत्र्याने तिथे वेगळं काय घडणार? आंबट फळांसोबत दूध प्यायलं की ते पोटात फाटतं म्हणतात, तेही तसंच, पीएच 4.6 च्या आसपास दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि नुसतं दूध प्यायलं तरी पोटात ते होतंच, पचनाचाच भाग आहे तो.

पण त्रास होणाऱ्यांना खोटं ठरवू नका प्लीज. ज्यांना आम्लपित्त किंवा रिफ्लक्स (पोटातलं आम्ल वर घशाकडे येणं) आहे त्यांना आंबट फळांनी जळजळ वाढू शकते, सफरचंद नि नासपतीतल्या फ्रुक्टोज-सॉर्बिटॉल या गोड घटकांनी गॅस होतो, कच्चट केळ्यातला स्टार्चही नीट पचत नाही आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. म्हणजे दोष बहुतेकदा जोडीचा नसतो, एखाद्या फळाचा किंवा किती खाल्लं त्याचा असतो. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी खाऊन बघा, लगेच कळेल.