राजकारणातली टोपणनावं घरात आणि ग्रुपवर कुठपर्यंत चालवून घ्यायची?

शुभदा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमच्याकडे सासरे जुने कट्टर शिवसैनिक, मातोश्रीवाले, आणि धाकटे दीर शिंदेसाहेबांबरोबर. डोंबिवलीत हे काही नवल नाही म्हणा, अशी घरं बिल्डिंगगणिक सापडतील. 2022 पर्यंत दोघं एकाच शाखेत जायचे. आता दीर दारात दिसले की सासरे "आले मिंधे" म्हणतात आणि दीर "तुमची उबाठा काय म्हणते" (म्हणजे उद्धव बाळासाहेब ठाकरेंची सेना) असं नाक वर करून विचारतात.

गौरीच्या जेवणाला खड्ड्यांवरून विषय निघाला. खरं तर दोघांचं म्हणणं एकच, कल्याण-शीळ रोडवर जीव जातो हेच, पण दोन मिनिटांत गद्दार, खोकेवाले (पैसे घेऊन फुटलेले) सगळं बाहेर आलं आणि दीर पुरणपोळी अर्धी टाकून उठले, सासूबाई तुपाची वाटी घेऊन तशाच उभ्या. खड्डे राहिले बाजूला.

फॅमिली ग्रुपवर तर विचारूच नका. भक्त, चमचा, पप्पू, फेकू, टरबूज, पेंग्विन, फुरोगामी, आणि हे लिहिणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे! ग्रुपची ॲडमिन मी. नवरा म्हणतो सोड, राजकारणात चालायचंच. तुम्ही कुठे रेघ मारता? सरसकट बंदी घालू का? (कोणता पक्ष बरोबर हे इथे सुरू करू नका प्लीज, हात जोडते.)

सातारी_तडका

ताई, नवरोबा बरोबर बोलतायत. ही आपली जुनी खोड हाय. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी यशवंतरावांनी नेहरूंची बाजू घेतली तर लोकांनी त्यांना थेट सूर्याजी पिसाळ केलं, आमच्याच जिल्ह्याचा माणूस बरं का. अत्र्यांनी 'मराठा'तून मोरारजींना आणि स. का. पाटलांना काय सोडलं का? पाटलांचा तर पार सदोबा करून टाकला. आणि बाळासाहेब! पवारसाहेबांना मैद्याचं पोतं म्हणायचे, भुजबळांनी 1991 ला सेना सोडल्यावर त्यांचा लखोबा झाला, नाटकातला तो भामटा, ज्यानं 'तो मी नव्हेच' बघितलंय त्याला पुढं काही सांगावं लागत नव्हतं. पण 2006 ला सुप्रियाताई राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा ह्याच बाळासाहेबांनी समोर उमेदवार दिला नाही. पोतं पोत्याच्या जागी, घरोबा घरोब्याच्या जागी. आता ती दिलदारी नाही राहिली, नावं तेवढी राहिली. बंदी-बिंदी घालू नका, ग्रुप अळणी होईल.

मृण्मयी_का

सातारी, तुमचा प्रतिसाद वाचायला मजा आली पण मला हे "आमच्या वेळी शिव्यासुद्धा कशा गोड होत्या" प्रकरण पटत नाही. सूर्याजी पिसाळ म्हणजे काय लाडाचं नाव आहे का, रायगड फितवणारा म्हणून ज्याच्याकडे आजही बोट दाखवतात तो माणूस. आणि घरोब्याचं म्हणाल तर लखोबा म्हटलेल्या त्याच भुजबळांच्या गृहखात्याने 2000 साली बाळासाहेबांना अटक केली, म्हणजे सगळंच काही हसण्यावारी जात नव्हतं.

शिवाय पोतं, टरबूज, हे शरीरावरून आहे. त्यात राजकारण कुठे आलं? माणूस जाड आहे म्हणून त्याचं सिंचनाचं धोरण चुकतं का? बायकांच्या बाबतीत तर अजून वाईट. लोहिया इंदिरा गांधींना गुंगी गुडिया म्हणाले, एवढा मोठा समाजवादी माणूस, आणि टीका कशावर तर ती बोलत नाही, बाहुली आहे. 1969 ला त्याच बाहुलीने पक्षातल्या म्हाताऱ्यांना कसं गुंडाळलं ते सगळ्यांनी बघितलं.

शुभदाताई, माझी रेघ सांगते. माणसाने केलेल्या गोष्टीवरून नाव पडलं तर चालेल, त्याचं शरीर, जात, आईबाप, बायकोपोरं यांच्यावरून असेल तर नाही. खोकेवाले हा आरोप आहे, खोटा असेल तर खोडता येतो. टरबूज काय खोडणार?

अर्धवट_वकील

मृण्मयीताईंची रेघ चांगली आहे पण व्यवहारात टिकत नाही, कारण नाव बंद केलं की लोक दुसरं शोधतात. गुजरात निवडणुकीत 2017 ला जाहिराती तपासणाऱ्या समितीने भाजपच्या जाहिरातीतला पप्पू अडवला, त्यांनी तिथे युवराज टाकलं आणि जाहिरात सुरू, कळायचं ते सगळ्यांना कळलंच. जुलै 2022 मधे लोकसभा सचिवालयाची असंसदीय शब्दांची यादी आली, त्यात जुमलाजीवी, बालबुद्धी, शकुनी, तानाशाह, आणि भ्रष्टसुद्धा. भ्रष्ट म्हणायचं नाही तर विरोधी पक्षाने सभागृहात करायचं काय, आरती? गदारोळ झाल्यावर लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांना सांगावं लागलं की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, अध्यक्ष संदर्भ बघून ठरवतील काय कामकाजातून काढायचं ते.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. पुढारी रोज स्टेजवरून एकमेकांना गद्दार, नकली, चोर म्हणतात, टाळ्या घेतात, घरी जाऊन जेवतात. तेच साधा माणूस बोलला की पोलीस. आघाडी सरकार होतं तेव्हा 2020 ला आदित्य ठाकरेंना पेंग्विन वगैरे म्हटल्याच्या ट्विटांवरून नागपूरच्या एकाला अटक. सरकार बदललं, 2023 ला खोक्यांवरच्या रॅपवरून एका पोरावर गुन्हा, त्याने तर कुणाचं नावही घेतलं नव्हतं. मार्च 2025 ला कुणाल कामराने गाण्यात गद्दार म्हटलं, नाव न घेता, तर खारचा स्टुडिओच फोडला. म्हणजे नावं ठेवायचा परवानासुद्धा खुर्चीवाल्यांकडेच. म्हणून सरसकट बंदीच्या मी विरोधात, ती शेवटी खालच्यांनाच लागू होते.

वऱ्हाडी_मानूस

मोठमोठे मुद्दे झाले राजेहो, आता एक साधं सांगतो. 24 ऑगस्ट 2022, विधानभवनाच्या पायऱ्या. पन्नास खोके एकदम ओके चालू होतं, तिकून सत्ताधाऱ्यांच्या बी घोषणा, अन् राष्ट्रवादीचे मिटकरी आन् शिंदेसेनेचे महेश शिंदे यांची धक्काबुक्की, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाह्यली. आमच्या अकोल्याचे मिटकरी म्हणून आमच्या गावात तर त्यावरून चहाच्या टपरीवर दोन जण भिडले. 2 जुलै 2023 ला अजितदादा सरकारात गेले, मिटकरी दादांसोबत. झाले ना दोघं एकाच युतीत! पायरीवरचे सेटल झाले अन् टपरीवरचे अजून बोलत नाहीत एकमेकांशी, एकाच्या पोरीच्या लग्नात दुसरा आला नाही.

ताई, पुढाऱ्याले काय म्हणायचं ते म्हणू द्या, त्याले फरक पडत नाही. समोर बसलेल्या माणसाले भक्त, चमचा, मिंधे म्हणायचं नाही, एवढा एकच नियम करा. काऊन का भक्त म्हटलं की समोरचा खड्ड्यावर बोलतच नाही, तो आपण भक्त कसा नाही हेच सांगत बसते.

मृण्मयी_का

वऱ्हाडी, हे बेस्ट. माझी रेघ मागे घेत नाही पण तुमची आधी लावावी असं वाटतंय. ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण नेत्याच्या नावावरून नाही होत, "तुम्ही लोक" पासून होतं.

सातारी_तडका

मान्य. पण मैद्याचं पोतं क्लासिक होतं ते होतंच.

शुभदा_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. वऱ्हाडी दादांचा नियम काल ग्रुपवर टाकला, की नेत्यांना काय ते म्हणा पण ग्रुपमधल्या माणसाला लेबल लावलं तर मेसेज डिलीट, कुणाचाही असो. पहिला डिलीट नवऱ्याचाच झाला, जाऊ दे म्हणणारा हाच. सासऱ्यांनी अंगठा दाखवलाय. दिरांनी मात्र शंका काढली आहे, की उबाठा तर निवडणूक आयोगाने दिलेल्या नावाचीच अक्षरं आहेत, मग "काय म्हणतंय तुमचं उबाठा" हे लेबल धरायचं की पक्षाचं नाव? वकीलसाहेब, याचं काय करू?

अर्धवट_वकील

लिहिण्यात चालेल. व्हॉइस नोटमधे असेल तर सूर ऐकून ठरवा.