फ्रिज-एसीच्या लाइनीत पुढं काय? नवीन गॅसचं काम शिकू का?

मिरजेचा मेकॅनिक:
नमस्कार मंडळी. १५ वर्षं रिपेरिंग करतोय, उस्तादाच्या हाताखाली शिकलो ते सगळं आर-२२ या जुन्या गार करणाऱ्या गॅसवर. आता नवीन एसी उघडावा तर आर-३२, फ्रिज उघडावा तर आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तोही जळणारा गॅस, आणि काही एसीत आर-२९० म्हणजे सरळ प्रोपेनच. गिऱ्हाईक विचारतं आर-२२ बंद होणार तर जुना एसी भंगारात घालू का, काय सांगावं कळेना. पोरगं बारावीला आहे, त्याला याच लाइनीत आणू का? का ते चुंबकावरचे फ्रिज आले की कॉम्प्रेसरच जाणार?

कुपवाड एमआयडीसी:
दादा, कॉम्प्रेसर एवढ्यात कुठं जात नाही. गॅडोलिनियम धातू चुंबकाजवळ नेला की तापतो, लांब केला की गार होतो, त्यावर फ्रिज चालतो हे खरं, पण तसले चुंबक लई महाग पडतात. बदलतोय तो गॅस. आर-२२ ओझोनचा थर खातो म्हणून चाललाय, २०३० पर्यंत भारतात संपवायचा आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला काही करत नाही पण कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट उष्णता धरतो, आर-३२ साधारण ६७५ पट, प्रोपेनचं जवळपास काहीच नाही. किगाली करार म्हणजे असले उष्णता धरणारे गॅस कमी करायचा देशादेशांतला करार, त्यात आपल्याला २०२८ पासून आर-४१०ए, आर-३२ सारख्या गॅसांवर मर्यादा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचेत. चालू एसी भंगारात घालायला सांगू नका, लीक शोधून बंद करा, नुसता गॅस मारून देऊ नका.

तासगाव, बेदाणा कोल्ड स्टोरेज:
आमच्याकडं अमोनियाच. ओझोनचं भ्या नाही, तापमानवाढीचं नाही. पण लीक झाला तर जिवावर बेतणारं काम, मास्क हाताशी पाहिजेच. आम्हाला अमोनियावर हात बसलेला माणूस शोधून सापडत नाही, पोराला जरूर शिकवा.

कराडकर:
माझं दूध संकलन आहे म्हणून सांगतो, गार करणं न गरम करणं ही दोन कामं नव्हंतच. १००० लिटर दूध ३५ वरून ४ डिग्रीवर आणायचं म्हणजे त्यातली विजेच्या मापात साधारण ३५ युनिट उष्णता बाहेर काढायची, आणि आम्ही इतकी वर्षं ती कंडेन्सरच्या पंख्यानं हवेत सोडत होतो आणि पलीकडं कॅन धुवायला लाकडं जाळून पाणी तापवत होतो! गेल्या वर्षी कॉम्प्रेसरच्या गरम लाइनीवर एक्स्चेंजर, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणारं भांडं, बसवून पाण्याची टाकी जोडली, आता कॅन धुवायचं पाणी त्यातच तापतं. हीट पंप म्हणतात तो पण हाच प्रकार, १ युनिट वीज घालून ३ युनिट उष्णता मिळते. हॉटेल, दवाखाने, सगळ्यांना गरम पाणी लागतं, आणि हे जोडणारे मेकॅनिक आपल्याकडं हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

कुपवाड एमआयडीसी:
एक राहिलं, हात जोडून सांगतो. आर-६००ए च्या जागी स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरणारे मी बघितलेत. त्यात वासाचं केमिकल असतं, ओल असते, मिश्रण कधी कसं तर कधी कसं. आणि हा जळणारा गॅस आत असताना ज्योतीचा टॉर्च लावायचाच नाही, आधी मोकळ्या हवेत काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, मग ब्रेझिंग, म्हणजे पाइपचा सांधा तापवून जोडणं. भरायचा गॅस वजनकाट्यावरच मोजायचा, घरच्या फ्रिजला थोडाच लागतो, अंदाजानं नको.

मिरजेचा मेकॅनिक:
काटा उद्याच घेतो, आत्तापर्यंत प्रेशर गेज बघूनच भरत होतो. कराडकर भाऊ, ती टाकीची जोडणी बघायला रविवारी पोराला घेऊन आलो तर चालेल का?