गरोदरपणात नैराश्याची गोळी चालू ठेवलेल्या कोणी आहात का?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. दुसरा महिना चालू आहे आणि सर्ट्रालीन 50 मिलिग्रॅम आधीपासूनच घेतेय. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, एकदम बंद करू नका, आजार उलटला तर तुम्हालाही त्रास आणि बाळालाही. सासूबाईंचं एकच पालुपद: "औषध ते औषध, सोडून दे." रोज रात्री गोळी घेते खरी, पण रिकामं पाकीट कचऱ्यात तळाशी दडपून टाकते.

शेवटच्या महिन्यांत घेतली तर बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिरं, थरथरतं राहू शकतं म्हणे. कोणाच्या बाळाला झालं का असं? पोट वाढल्यावर डोस वाढवावा लागला? अंगावर पाजताना चालू ठेवलीत? दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला कसं लावलंत? "सकारात्मक विचार कर" तेवढं सांगू नका, प्लीज.