मोठ्या रस्त्यावर मीठ पडते, मग गल्लीत का नाही?

प्रश्न (अमळनेर)
माझी मुलगी उत्तर इंग्लंडमधील एका गावात परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात रात्रपाळीहून परतताना ती गल्लीच्या उतारावर घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. मोठ्या रस्त्यावर तपकिरी मीठ पसरलेले होते, गल्लीत मात्र एक खडाही नव्हता, असे ती सांगते. आपल्याकडे धुळ्याचा पारा घसरला की शेकोट्या पेटतात, पण बर्फाच्या रस्त्याचे मला काहीच कळत नाही. तेथील पालिकेवर प्रत्येक रस्त्याची जबाबदारी असते का?

उत्तर (चोपडा)
काका, ताईंना लवकर आराम पडो. मी तिकडे काही वर्षे रस्ते-देखभालीत होतो. इंग्लंडच्या 1980 च्या महामार्ग कायद्यात 2003 साली भर घालून बर्फामुळे रहदारीला धोका होऊ नये हे पाहण्याचे कर्तव्य रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेवर टाकले गेले, पण ते ‘व्यवहार्य असेल तितपत’ या मर्यादेसह. त्यामुळे हमरस्ते, बसमार्ग आणि रुग्णालयाचे रस्ते आधी घेतले जातात आणि गल्ल्या बहुधा राहून जातात.

मीठ शक्यतो बर्फ धरण्याआधीच टाकतात. हवेचा पारा दोन-तीन अंशांवर असला तरी निरभ्र रात्री डांबराचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून अंदाज हवेचा नव्हे तर रस्त्याच्या तापमानाचा पाहतात. शिवाय मीठ ओलाव्यात विरघळून चाकांखाली पसरले तरच नीट काम करते. गल्लीत तेवढी वर्दळ नसते.

ताईंनी त्या जागेचे तारखेसह फोटो काढावेत, पालिकेच्या हिवाळी आराखड्यात आपली गल्ली आहे का ते विचारावे आणि उताराच्या माथ्यावर रहिवाशांना स्वतः मीठ पसरता यावे म्हणून ठेवतात ती मिठाची पेटी लेखी मागावी. बर्फावर गरम पाणी मात्र मुळीच ओतू नये, कारण ते पुन्हा गोठून डोळ्यांना न दिसणारा काचेसारखा थर तयार होतो.

उत्तर (रावेर)
केळीवर थंडीचा चरका पडू नये म्हणून आम्हीही रात्री पाणी देतो आणि पहाटे बांधावर धूर करतो, त्यामुळे आधीच्या तयारीचे महत्त्व मला पटते. पण एवढ्या मिठाने रस्त्याकडेची जमीन क्षारपड होत नाही का?

उत्तर (चोपडा)
दादा, नुकसान होते. कडेची झाडे करपतात, ओढ्यात खारे पाणी उतरते आणि गाड्यांचे पत्रेही गंजतात. म्हणूनच ते मोजून टाकतात. नुसत्या गोठलेल्या दहिवरासाठी चौरस मीटरला साधारण 10 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे, पुरतात. बर्फवृष्टीचा अंदाज असेल तर प्रमाण वाढवतात.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
आपले मनापासून आभार. आत्ताच मुलीशी बोललो. उताराच्या माथ्यावर पिवळी पेटी आहे, पण झाकण तुटल्याने आत पावसाचे पाणी शिरून मिठाचा दगड झाला आहे. तिने त्याचा फोटो काढला असून डाव्या हाताने अर्ज लिहायला घेतला आहे.