धावणं बंद, आता सायकलवरही गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते

प्रश्न (सुरूबन, रत्नागिरी)
आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा पट्टा) दुखावल्यामुळे डॉक्टरांनी ६ आठवडे धावणं बंद ठेवून सायकल चालवायला सांगितलंय. सायकल हायब्रिड, पेडल साधी. २० मिनिटांनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेर तीच कळ येते. सीटचं चुकतंय का? आणि सायकलने आरे-वारेच्या किनाऱ्याला जाऊ का?

खाडीकाठ
आधी सीट बघा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो तेव्हा हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. सीट उंच असेल तर पेडल खाली गेल्यावर पाय नेमका तिथवर सरळ होतो, तोही मिनिटाला ८० वेळा. शिवाय कंबर डावी-उजवीकडे डुलते, त्याचा ताण वेगळाच.

मोजायचं असं: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत घट्ट वर ओढून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत अंतर घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँक (पेडल लावलेला दांडा) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत, तेवढं अंतर हवं. पडताळा म्हणून टाच पेडलवर ठेवून बघा: पेडल तळाशी असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर हलू नये. पाऊल आतल्या बाजूला वळवून पेडल मारू नका, त्यानेही पट्टा ताणला जातो.

सुरूबन
मोजलं. पायाचं माप ८० सेंमी, सीट ७३ वर आहे. म्हणजे २.४ सेंमी जास्त! पण दांडा खाली सरकतच नाहीये.

जांभावाट
खाऱ्या हवेचा प्रताप. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा असेल तर दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. दांडा आवळणारा क्लॅम्प सैल करून सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळा. वरून हातोडी मारू नका, सीटचे रूळ वाकतात. निघाला की दांडा आणि नळीची आतली बाजू पुसून ग्रीसचा पातळ थर द्या. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वर्षातून दोनदा हे करायलाच हवं. चेनसाठी फेरीनंतर गोड्या पाण्याचं ओलं फडकं, मग कोरडं, आणि प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकच थेंब. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर वाळू चिकटते.

खाडीकाठ
तुमच्या पायांना अजून ७३ ची सवय लागलेली नाही, म्हणून एकदम ७१ वर या. पुढे दोन-दोन फेऱ्यांनी ३ मिलिमीटर खाली. गुडघ्याच्या पुढे, वाटीपाशी दुखू लागलं तर सीट फार खाली गेली असं समजा.

आरे-वारे आत्ता नकोच. तिथले चढ दमदार आहेत; जड गिअरवर उभं राहून रेटलंत की गुडघा पुन्हा पहिल्या दिवसावर. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक खाडीला उतार आणि लगेच चढ, सपाट रस्ता तुकड्यातुकड्यानेच मिळतो. तुम्ही भाट्याच्या सुरूबनालगतच्या सपाट भागात फेऱ्या मारा, पावसच्या बाजूचा चढ लागला की वळा. सकाळीच जा, दुपारी खारे वारे जोर धरतात. पहिला आठवडा एकाआड एक दिवस १५ मिनिटंच, कारण २० ला कळ येते. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. गिअर हलका, १५ सेकंदांत उजवा गुडघा २० ते २२ वेळा वर यायला हवा. कळ आली की तिथेच थांबा.

जांभावाट
सायकलीने दम टिकतो, पण धावताना पायावर बसणारा दणका सायकलवर बसत नाही, त्यामुळे धावण्याकडे परतताना १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं यापासूनच सुरुवात करा. तोवर कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, १५ चे ३ संच, आठवड्यातून तीनदा. टाच किंचित मागे ठेवा, नाहीतर काम मांडीच्या पुढच्या स्नायूवर जातं. आणि हाडावर बोटाएवढ्या जागी दुखत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर सायकलही बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.