वेल्डिंगचं हेल्मेट कसं निवडता, कसं सांभाळता? अनुभव लिहा

वागळेकर
काल वागळे इस्टेटला एक पोरगा उन्हाचा गॉगल लावून ग्रिलला टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टिपका) मारताना दिसला. पूर्वी गल्लोगल्ली हेच चालायचं, ते आठवलं. अजून चालतंय याचं फार वाईट वाटलं. टॅक एका सेकंदाचा असला तरी आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो प्रखर झोत, तोच. या कामातल्या मंडळींनी लिहा, नव्या पोरांना उपयोग होईल.

रबाळे गाळा नं. ७
शेडपासून, म्हणजे काच किती गडद त्या नंबरापासून, सुरुवात करा. अडीच मिलीमीटरचा रॉड ८० अँपिअरला १० नंबर, ३.१५चा १२०ला ११. टिगला (टंगस्टनच्या सुईने गॅसच्या आवरणात करतात ते वेल्डिंग) ३०-४० अँपिअर असेल तर ९ पुरते. गॅस कटिंगला ५. आधी गडद ठेवायची, वितळलेला लोखंडाचा डबका नीट दिसेपर्यंत एकेक नंबर उतरवायचा, पण त्या करंटला सांगितलेल्या किमान नंबरच्या खाली नाही. डबका दिसत नाही म्हणून लोक हेल्मेट वर करून आर्क मारतात, घोळ तिथेच होतो.

पाईपवाला_तुर्भे
ऑटो, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं हेल्मेट, घेताना सेन्सर मोजा. दोन असतील तर साध्या टेबलावरच्या कामाला चालतं. पाईपच्या खालून, कोपऱ्यात शिरून मारताना दोन्ही सेन्सर पाईपआड जातात आणि काच मध्येच उजळते. चार सेन्सरवालं घ्या. काचेवर ईएन ३७९ आणि १/१/१/२ असे आकडे बघा. जितके १ जास्त तितकं दिसणं स्वच्छ.

मीनल_कळवा
दादा, काच काळी व्हायच्या आधीच्या क्षणात डोळ्याला काही होतं का? भाऊ नुकताच लागलाय कामाला.

पाईपवाला_तुर्भे
ताई, चांगल्या काचेत अतिनील आणि उष्णतेचे किरण अडवणारा थर कायमचा असतो, बॅटरी संपली तरी. काळं होणं फक्त उजेडासाठी. पण काचेला तडा असेल तर हे काहीच लागू नाही, ती लगेच बदलायची.

दिघा फॅब
बाहेरची पारदर्शक काच!! हिच्याकडे कुणी बघतच नाही. तिरकी धरून उजेडात बघा, ठिणग्यांचे बारीक मणी चिकटलेले दिसतात. ते नखाने खरवडले की खड्डे पडतात, मग सगळं धुरकट. लोकांना वाटतं ऑटो काच बिघडली आणि शेड उतरवत बसतात. बदलायची वस्तू आहे, पाच-सहा आणून ठेवा. थिनर, पेट्रोल अजिबात लावू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा जातात. साबणाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पुरे. आतलं कार्ट्रिज (आपोआप काळ्या होणाऱ्या काचेची पेटी) मात्र पाण्यात बुडवायचं नाही.

ऐरोलीची आई
पावसाळ्यात आतून वाफ धरते त्याचं काय? आमच्याकडे तर कपडेही वाळेनात, चार दिवस झाले.

दिघा फॅब
ताई, हेल्मेट रात्री पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायला सांगा. कपाळाची घामपट्टी रोज धुवायची. आणि कपड्यांना पंखा लावा, दुसरा इलाज नाही 🙂

रबाळे गाळा नं. ७
राहिलंच. ग्राइंड मोडचं (घासकामासाठी काच उजळच ठेवणारं) बटण दाबलेलं राहतं आणि पुढचा आर्क थेट उघड्या काचेतून. काम सुरू करायच्या आधी हेल्मेट उन्हाकडे धरून काच काळी होते का बघा. एलईडी ट्यूबसमोर नाही झाली तर घाबरू नका, त्यावर बरेचदा होतच नाही. उन्हातही नाही झाली तर आधी सेन्सर पुसा, मग संवेदनशीलतेचं बटण वाढवा, मग बॅटरी. बऱ्याच मॉडेलना सीआर २०३२ किंवा २४५० लागते, जुनी काढून आकडा बघा. ‘सोलर आहे, बॅटरी नाही’ असं दुकानदार म्हणाला तरी खोलून बघाच.

घणसोली
आर्कने डोळे भाजले तर बटाटा, दूध काही घालू नका. वाळू गेल्यासारखं सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून रात्री झोपेतून उठवतं. चोळू नका, लेन्स असेल तर काढा, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालत राहू नका, जखम भरत नाही.

मीनल_कळवा
हेच हवं होतं, आईने दुधाचं सांगितलं होतं. भावाला वाचून दाखवते 🙏

वागळेकर
ग्रहण बघायला हेल्मेट चालेल का असं पोरं विचारतात. ऑटो नाही. १४ नंबरची साधी काळी काच चालते, १० वगैरे नाही.

पाईपवाला_तुर्भे
साध्या काळ्या काचेची नेहमीची मापं दोन, १०८ बाय ५१ आणि १०८ बाय ८२ मिलीमीटर. जुनी काच सोबत न्या. ऑटोच्या बाहेरच्या काचेचं माप मॉडेलप्रमाणे बदलतं, त्याचीही जुनीच न्या.