भुंगा कुणाला म्हणायचं : वाशातल्याला की माडावरच्याला?

प्रश्न : कार्पेंटर बीला (लाकूड कोरणाऱ्या मोठ्या काळ्या माशीला) मराठीत 'सुतारमाशी' म्हणावं का? माडाच्या किडींच्या माहितीत 'भुंगा' दुसराच असतो. मग पडवीचा वासा कोरतो तो कोण?

— भुंगाच. मालवणीत भुंगो. शब्द संस्कृत भृंगावरून आलाय, आणि भृंग म्हणजे हीच मोठी काळी माशी. माडावरचे गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे टणक पाठीचे. त्यांना 'भुंगेरे' म्हटलं की घोळ मिटतो. घोळ नुसता शब्दाचा नाही. गेंड्या माडाच्या कोंबात शिरतो, पुढे झावळ उमलली की ती त्रिकोणी कातरलेली दिसते. त्याच्या अळ्या शेणखतात वाढतात, म्हणून खड्डा उपसायला सांगतात. वाशातल्या भुंग्यासाठी खड्डा उपसून काय होणार?

— ओळखायचं भोकावरून. गिरमिटाने पाडल्यासारखं गोल, करंगळी जाईल एवढं, खाली जाडसर भुसा. भोक थोडं आत जाऊन काटकोनात वळतं आणि लाकडाच्या रेषेने लांबत जातं. बाहेरून वासा धडच दिसतो. टाचणीएवढी पुष्कळ भोकं आणि पिठासारखी पूड असेल तर तो भुंगा नव्हे, लाकूड खाणारे बारीक भुंगेरे.

— म्हणूनच 'भुंग्याने वासा खाल्ला' हे चूक, 'कोरला' म्हणा. तो लाकूड खात नाही, भुसा बाहेर टाकतो. कोरते ती मादी. आत पराग आणि मध मळून गोळा ठेवते, त्यावर एक अंडं, मग भुशाचा पडदा, की पुढचा कप्पा.

— ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड भेदणारा पण कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर येतो. लाकूड पोखरणारा आणि फुलावर जाणारा, दोन्ही एकच! कवितेतला भ्रमर वेगळा आणि वाशातला भुंगा वेगळा असं समजणाऱ्यांनी ती ओवी बघावी. (भोवराही भ्रम् धातूचाच, पण तो निराळा विषय.)

— 'सुतारमाशी' चालेल, पण भाषांतराचा वास येतो. शास्त्रीय नाव झायलोकोपा, म्हणजे ग्रीकमध्ये लाकूड तोडणारा. त्यातली लॅटिपेस म्हणजे 'रुंद पायांची' जात. नराचे पुढचे पाय पसरट असतात. काही जातींत मादी काळी, छातीवर पिवळी लव, आणि नर सगळाच पिवळसर. मग लोक त्याला वेगळा किडा समजून वेगळं नाव देतात.

— भोक बुजवायचं कधी?

— पिल्लं उडून गेल्यावर. लाकडी खुंटी सरस लावून ठोका, वरून रंग द्या. उघड्या लाकडावर ती पुन्हा येते. आत माशी असताना बुजवलंत तर दुसरीकडून कोरून बाहेर पडेल, एकाची दोन भोकं.

— आणि 'भुंगा चावला' नको, 'डसला' म्हणा. तेही मादीपुरतं. तोंडासमोर घोंघावत अडवतो तो नर, त्याला नांगीच नसते.